जुना कॉम्प्युटर विकताना खरं सांगायला काय जातं?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, जागा नसेल तर कापा, पण छोट्या जाहिरातींबद्दल शेवटी जे मागितलंय तेवढं कापू नका.

मागच्या महिन्यात माझा भाचा इथं नागपुरातच मानेवाड्याहून गाडीच्या मागच्या सीटवर एक कॅबिनेट दोरीनं बांधून माझ्याकडं प्रतापनगरला घेऊन आला. आल्या आल्या म्हणे, "मामा, पाहा ना जरा, चालू होऊन राहिला पण दहा मिनिटात मधातच बंद पडून राहिला." मी विचारलं कितीला घेतला, तर पोरगं आधी पाणी प्यायलं आणि मग म्हणालं साडेअठरा हजार. मोबाईलवर जाहिरात पाहिली होती त्यानं, जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर, शहरातलाच माणूस, "१९८९ चा ३८६, अँटिक पीस, रेअर, वर्किंग कंडिशन". ह्याची आई म्हणजे माझी बहीण, तिनं लग्नाआधी असल्याच एका कॉम्प्युटरवर क्लास केला होता आणि ती नेहमी सांगते की एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघी बसायचो, चप्पल बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं वगैरे, तर पहिल्या नोकरीच्या पैशातून आईला तसाच कॉम्प्युटर द्यायचा असं त्याच्या मनात. आता ह्याला मूर्ख म्हणायचं का? मला तरी म्हणवलं नाही.

कॅबिनेट बाहेरून खरंच जुनं होतं. टर्बोचं बटण, किल्लीचं कुलूप, समोर वेगाच्या डिस्प्लेवर लाल आकड्यांत ६६. तिथंच मला शंका आली, कारण इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झच्या वर गेलाच नाही, एएमडीनं तो ४० पर्यंत नेला, ६६ हा आकडा त्याच्या पुढच्या ४८६ च्या जमान्यातला. पेचकस घेतला, मागचे पेच काढले, तर मागचा पत्रा कोणीतरी कात्रीनं कापलेला, वेडावाकडा, धार तशीच, माझं बोट कापलं. पत्रा का कापला तर आतला बोर्ड त्या कॅबिनेटचा नव्हताच, नवा बोर्ड बसवायला जागा केलेली. आत कितीतरी नंतरचा पेंटियम ४. आणि त्यात विंडोज ९८ टाकून ठेवलेलं, म्हणजे १९८९ च्या कॉम्प्युटरमधे ९८ चं विंडोज, विकणाऱ्याला एवढा हिशोब तरी करायचा होता.

ह्यात वाचकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बोर्डवरच्या बहुतेक चिपांवर कंपनीचं नाव, नंबर आणि एका कोपऱ्यात चार आकडे असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. ८६४२ म्हणजे १९८६ चा बेचाळिसावा आठवडा. सगळ्या चिपांवर अगदी असंच असतं असं नाही, पण चार-सहा चिपा पाहिल्या की अंदाज येतोच. मी भाच्याच्या हातात भिंग दिलं आणि म्हणलं वाच. त्यानं वाचलं, ०४२१. दुसऱ्या चिपेवर ०४१८. म्हणजे २००४ चा उन्हाळा. तो काही बोलला नाही, भिंग खाली ठेवलं आणि मोबाईल काढून त्या माणसाला फोन लावला. फोन उचलला गेला नाही, अजूनही उचलला जात नाही.

दहा मिनिटात बंद का पडायचा तेही तिथंच दिसत होतं. प्रोसेसरच्या बाजूच्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची, डोकी फुगलेली, दोन तर फुटून तपकिरी घाण बाहेर आलेली. २००० च्या आसपासच्या चार-सहा वर्षांत खराब रसायनाचे कपॅसिटर जगभर लाखो बोर्डांवर गेले, त्या काळात दुकान चालवणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणजे ज्यानं हा पत्रा कापून बोर्ड बसवला त्याला हे दिसलं नसेल हे मी मानायलाच तयार नाही. आणि तो समोरचा ६६ चा आकडा, तो तर काहीच मोजत नाही साहेब. त्या डिस्प्लेच्या मागं छोटे छोटे जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोप्या, असतात, ते जसे लावाल तसा आकडा दिसतो, ९९ लावा, ११ लावा, काहीही. हे मला माहीत आहे कारण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, १९९१ पासून मी हेच काम केलंय आणि ते जंपर मी स्वतः लावलेत. एका मालकानं मला ३३ च्या मशीनवर ४० लावायला सांगितलं होतं आणि मी लावलं होतं. तेव्हा पगार नऊशे रुपये होता हे कारण नाही, पण सांगून ठेवतो.

आता हा बाजार कुठून उगवला ते. मधूनमधून बातमी येते की जुना कॉम्प्युटर इतक्या कोटीला गेला. ती बातमी बहुतेक वेळा ॲपल-१ ची असते. १९७६ ला साधारण दोनशे बनले, तेव्हा किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट, आणि त्यातला एक २०१४ ला न्यूयॉर्कच्या लिलावात नऊ लाख पाच हजार डॉलरला अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड म्युझियमनं घेतला. खरी बातमी आहे, माझी तक्रार बातमीबद्दल नाही. पण ती वाचून आपल्याकडं ज्याच्या माळ्यावर २००३ चा काळा पडलेला मॉनिटर आहे तोही म्हणतो आपल्याकडं ठेवा आहे. माझ्याकडं एक जण शिलाई मशीनसारखा जड डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन आला होता आणि म्हणाला ह्याचे दोन लाख येतात ना? मला ते २००९ चं आठवलं, सौदीमधे अफवा उठली होती की जुन्या सिंगर शिलाई मशीनमधे लाल पारा नावाचं काहीतरी मौल्यवान असतं, आणि लोक त्या मशीनींवर हजारोंनी पैसे ओतत होते. आपल्याकडं पाऱ्याऐवजी सोनं म्हणतात. जुन्या प्रोसेसरमधे तोळा तोळा सोनं असतं म्हणे. अरे बाबा, पेंटियम प्रो सारखा त्यातल्या त्यात सोनेरी प्रोसेसर घेतला तरी ग्रॅमभरसुद्धा निघत नाही, आणि ते काढायला जे ॲसिड लागतं त्यानं फुफ्फुसं जातात ती वेगळी.

खऱ्या जुन्या वस्तू आपल्या गावात नाहीत असं नाही. एचसीएलचे बिझीबी होते, झेनिथ होते, विप्रोचे होते, महाल-इतवारीतल्या प्रेसमधे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाचे पीसी होते ज्यावर डॉसमधे मराठी दिसायचं. १९८४-८५ ला केंद्र सरकारनं शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प काढला होता, त्यात इंग्लंडचे बीबीसी मायक्रो नावाचे छोटे कॉम्प्युटर दिले गेले. ते सगळं कुठं गेलं? बरंचसं किलोच्या भावानं गेलं. जे राहिलं त्याला नागपूरचा कोरडा उन्हाळा तसा मानवतो, कोकणासारखा गंज चढत नाही, पण आपले लोक कूलरच्या तोंडासमोरच कॉम्प्युटर टेबल ठेवायचे त्यामुळं कित्येक मशीनची एक बाजू गंजलेली आणि दुसरी ठणठणीत असं मी पाहिलंय, आणि माळ्यावर मे महिन्यात जी भट्टी होते तिथं प्लॅस्टिक पिवळं पडून कुरकुरीत होतं. हे सगळं विकणाऱ्याला ठाऊक असतं. घेणाऱ्याला नसतं. सगळा घोळ ह्या एवढ्याच फरकाचा आहे आणि पैसा पण ह्याच फरकाचा कमावला जातो.

शब्द कसे वापरतात बघा. "टेस्ट केला नाही" ह्याचा अर्थ मी तीस वर्षांत एकच पाहिला, टेस्ट केला, चालला नाही. घरात लाईट आहे, वायर आहे, प्लग आहे, आणि माणसानं बटण दाबून बघितलं नाही, असा माणूस नागपुरात तरी जन्मायचाय. "चालू आहे" म्हणजे दिवा लागतो. फ्लॉपी वाचते का, सगळी बटणं उठतात का, अर्धा तास टिकतो का, ते विचारलं की "भाऊ, जुनी वस्तू आहे" असं उत्तर. आणि "रेअर". कमोडोर ६४ ला रेअर लिहिलेलं मी डोळ्यांनी वाचलंय. जगात आजवर एकाच मॉडेलचा सगळ्यात जास्त खपलेला कॉम्प्युटर म्हणून गिनीज बुकात ज्याचं नाव आहे तो रेअर! आपल्याकडं कमी आले हे खरं, पण कमी आले आणि दुर्मिळ आहे ह्यात फरक आहे, घेणारा तो फरक पैशानं भरतो. परवा तर कोणीतरी कीबोर्डवाला टीव्ही गेम, तो ज्यात पिवळी कॅसेट खोचायची आणि त्यावर लाखो गेम लिहिलेले असायचे पण निघायचे पाच-सहाच, तो "१९८० चा होम कॉम्प्युटर" म्हणून सात हजाराला लावला होता. आमच्या काळात पोरांना अभ्यासाचा आहे सांगून आईबापांकडून तो घेतला जायचा. तीच फसवणूक आता दुसऱ्यांदा, आणि बहुतेक त्याच पिढीची.

माझं स्वतःचंही सांगतो, नाही तर हे पत्र लिहायचा मला हक्क नाही.

आमच्या एका नातेवाईकानं इंग्लंडहून येताना बीबीसी मायक्रो मॉडेल बी आणला होता, तो फिरत फिरत माझ्याकडं आला. छान मशीन. १९८१ च्या डिसेंबरमधे निघालं, ३२ के मेमरी, चालू केलं की एक "टूंऽ पीप" असा आवाज येतो तो अजून कानात आहे. २०१७ ला वर्धा रोडच्या एका गृहस्थांनी तो आठवीतल्या पोरासाठी मागितला, पोराला कुठून तरी वेड लागलं होतं. चौदा हजार ठरले. द्यायच्या आदल्या रात्री मी पॉवर सप्लाय उघडला होता. त्यात रिफा कंपनीचे पिवळट पारदर्शक कपॅसिटर असतात, कागदाचे, वर प्लॅस्टिकचं कवच. वय झालं की त्या कवचाला केसासारखे तडे जातात, तड्यातून दमट हवा आत शिरते, आणि मग एक दिवस मेन लाईन सुरू असताना तो फटकन फुटतो. बीबीसीवाल्यांना हे तोंडपाठ आहे. मला तडे दिसले. जाळीसारखे, बॅटरीच्या उजेडात चमकत होते. नवे दोन कपॅसिटर शंभराच्या आत येतात, पण ते आणायला दुसऱ्या दिवशी बर्डीवर जावं लागलं असतं आणि ते गृहस्थ सकाळी नऊला येणार होते. मी विचार केला इतकी वर्षं काही झालं नाही, आताच काय होतंय. झाकण लावलं. सकाळी त्यांनी विचारलं, "सगळं ओके आहे ना?" मी म्हणलं एकदम ओके.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पोरगं घरी एकटं असताना तो फुटला. फटाक्यासारखा आवाज, पांढरा धूर, खोलीभर असा वास की दोन दिवस पंखे लावून ठेवावे लागले. पोरानं अक्कल करून प्लग ओढला. वडिलांचा फोन आला, मला वाटलं आता शिव्या पडणार, पण त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" आणि मी म्हणलं, "साहेब, जुन्या वस्तूंचं असं होतंच." खोटं नव्हतं साहेब ते वाक्य. पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी मी गेलो, कपॅसिटर बदलले, मशीन पुन्हा पहिल्यासारखं चालू झालं, बहुतेक वेळा होतंच, आणि चार हजार परत दिले. त्यांनी घेतले. चहा दिला. पण पोरगं आतल्या खोलीतून बाहेर आलं नाही, मशीनला हात लावायला घाबरत होतं. ते मला चार हजारापेक्षा जास्त लागलं.

तेव्हा माझ्या एका वकील मित्राला मी विचारलं की कायद्यानं मी काय केलं? त्यानं करार कायदा काढला, १८७२ चा, कलम १७. त्यात घोड्याचं उदाहरण दिलंय. एक माणूस लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो ही फसवणूक नाही, नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक होत नाही. पण त्याच्या खालीच लिहिलंय की घेणारी जर त्या माणसाची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर त्यानं सांगायलाच पाहिजे. आणि त्याच्याही पुढं, घेणारा जर म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालतो, आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. मित्र म्हणाला तू तर गप्पही बसला नाहीस, तू ओके म्हणालास, तुझं कलम सोपं आहे. हसला तो. मी नाही हसलो.

मला ह्यात जे दिसतं ते असं की जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात घेणारा जवळजवळ नेहमी त्या मुलीच्या जागी असतो. तो घोड्याचे दात बघू शकत नाही. त्याला झाकण उघडता येत नाही, उघडलं तरी काय बघायचं ते कळत नाही, आणि हे आपल्याला पक्कं माहीत असतं, किंबहुना म्हणूनच आपण त्याला तो भाव सांगतो. दुसऱ्या जाणकाराला आपण तोच भाव सांगतो का? नाही सांगत. तिथंच चोरी पकडली जाते, दुसरा पुरावा कशाला पाहिजे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दुकानदारानं असं केलं तर जिल्हा आयोगात जाता येतं, पाच लाखापर्यंत फी पण नाही, १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो. पण घरातून एखादीच वस्तू विकणाऱ्याला व्यापारी ठरवणं अवघड, आणि भाच्यासारखी पोरं साडेअठरा हजारासाठी तारखा करत बसत नाहीत, हे विकणाऱ्याला पण माहीत आहे.

मला लोक म्हणतात तुम्ही फार ताणता, बाजार आहे, ज्याला घ्यायचं तो बघून घेईल. ठीक. कळमन्याच्या फळबाजारात संत्र्याची पेटी वरून आंबियाची मोठी मोठी फळं दाखवून खाली लिंबाएवढी भरलेली असते हे कोणाला माहीत नाही? पण तिथं घेणारा पेटी उलटी करतो, त्याला संत्रं कळतं, त्याच्या आजोबाला पण कळत होतं. तिथली लबाडी बरोबरीच्यांमधली आहे. इथं पेटी उलटी करणाराच नाहीये.

आणि भाव कमी ठेवा असं मी म्हणतच नाहीये, हा गैरसमज नको. मी भंगारवाल्याकडून एक ४८६ तीनशे रुपयाला उचलला, त्यावरची ती निळी पिंपासारखी बॅटरी गळून कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवं झालं होतं, ती कापून काढली, व्हिनेगर लावून ब्रशनं घासलं, तुटलेल्या चार रेघा तारेनं जोडल्या, फ्लॉपी ड्राईव्हचा पट्टा बदलला, दोन दिवस गेले, आणि तो मी सहा हजाराला विकला. तीनशेचे सहा हजार. ह्यात मला काडीची लाज वाटत नाही कारण घेणाऱ्याला मी बॅटरीची जागा दाखवली, जोडलेल्या तारा दाखवल्या, तीनशेला घेतला होता हे पण सांगितलं. तो म्हणाला मग पाच हजार करा, मी म्हणलं नाही करत. त्यानं घेतला. भाव हा दोन जाणत्या माणसांमधे कितीही असू द्या, अडाणी माणसाबरोबर मात्र आधी त्याला जाणता करा आणि मग भाव सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे, ह्याला पाच मिनिटं लागतात.

भाव काढायची पण एक चुकीची पद्धत पडलीये. परदेशी साईटवर कोणी काय मागतोय ते बघायचं, पाउंडाला रुपयानं गुणायचं, झालं. मागायला काय, मी माझ्या जुन्या स्कूटरचे दहा लाख मागीन. विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, तो खरा भाव, आणि तोसुद्धा तिथला, जिथं दहा घेणारे आहेत आणि दुरुस्त करणारा गल्लीत आहे. इथं पार्ट बाहेरून येणार, कुरियरमधे मॉनिटर फुटणार, आणि दुरुस्त करणारे आमच्यासारखे चार म्हातारे ज्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.

अमेरिकेहून आलेल्या मशीनबद्दल तर लिहायलाच पाहिजे कारण त्यात जीव जाऊ शकतो. ते बरेचदा नुसत्या ११० व्होल्टवर चालणारे असतात. तसलं आपल्या २३० वर लावलं की गेलं. विकणाऱ्यानं "अमेरिकन पीस" असं कौतुकानं लिहायचं आणि व्होल्टेज लिहायचं नाही? आणि कमोडोर ६४ चा तो विटेसारखा जड अडॅप्टर, आतून सील केलेला, तो म्हातारा झाला की पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडायला लागतो आणि मशीनच्या मेमरी चिपा मारून टाकतो. म्हणजे विकताना चालू, घरी नेल्यावर चालू, आठवड्यानं मेला, आणि विकणारा म्हणायला मोकळा की मी दिला तेव्हा चालू होता. खरंच होता! म्हणून अडॅप्टर कुठला आहे, जुना की नवा, मीटर लावून बघितला का, हे विचारल्याशिवाय तो घेऊच नका, विकणाऱ्याला विचारलेलं आवडलं नाही तर समजून जा.

उलटंही होतं, तेही लिहितो नाही तर एकतर्फी होईल. धरमपेठेत एका काकूंच्या घरी, काका गेल्यावर, एक जण भंगाराचा भाव सांगून एक जुना मॅकिंटॉश घेऊन गेला, तो छोटा डबा, आतच स्क्रीन असलेला, आणि बरोबर काकांच्या हिशोबाची हार्डडिस्क. काकूंना वाटलं उपकार केले, अडगळ नेली. त्याला माहीत होतं ते काय आहे. काकूंनी विचारलं पण होतं, "ह्याचं काही येतं का हो?" आणि तो म्हणाला होता की आजकाल कोण घेतं. हा आमच्यातलाच, जुन्या कॉम्प्युटरचा शौकीन म्हणवतो. घेताना अडाण्याला लुटायचं आणि विकताना दुसऱ्या अडाण्याला, आणि मधे स्वतःला जतन करणारा म्हणवून घ्यायचं. हार्डडिस्कवर काकांचं काय काय होतं देव जाणे, ती पुसली का हे पण कोणी विचारलं नाही.

आता तुमच्याकडं मागणं. एक तर कोटीच्या लिलावाची बातमी छापाल तेव्हा खाली दोन ओळी टाका की असे किती बनले होते, आणि तुमच्या माळ्यावरचा तो नाही. दुसरं, तुमच्या छोट्या जाहिरातींत आणि ॲपवाल्यांनीसुद्धा जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूसाठी तीन गोष्टी सक्तीच्या करा, आत काय आहे, काय काय चालवून बघितलं, काय बदललंय. गाडी विकताना वर्ष आणि किलोमीटर लिहितातच ना. आणि "टेस्ट केला नाही" हा शब्द छापूच नका बाप्पा, त्याजागी "बंद" छापा, शब्द पण वाचतात आणि पैसे पण. विकणाऱ्यानं एका साध्या कागदावर हेच लिहून खाली सही केली तर बिल नसलं तरी चालतं, उद्या भांडण झालं तर तो कागद बोलतो. मी २०१७ नंतर प्रत्येक मशीनबरोबर असा कागद देतो. आत्तापर्यंत दोघं कागद वाचून न घेता परत गेले. बाकीच्यांनी घेतला.

भाच्याचं काय झालं ते राहिलं. पैसे बुडाले. मधे मला म्हणे, "मामा, मी पण तसाच पंधराला काढून टाकू का? मला कोणी सांगितलं होतं काय?" मी काही बोललो नाही, ह्या तोंडानं काय बोलणार, मीही एकदम ओके म्हणणारा माणूस. दोन दिवसांनी त्यानंच जाहिरात टाकली, मला दाखवली पण नाही आधी. लिहिलं होतं, कॅबिनेट जुनं, आत पेंटियम ४ २००४ चा, कपॅसिटर गेलेले, बंद पडतो, समोरचा आकडा खोटा. आणि मागच्या कापलेल्या पत्र्याचा फोटो जवळून. तीन आठवडे एक फोन नाही. मग हिंगण्याहून एक जण आला, त्याच्याकडं खरा ३८६ चा बोर्ड नुसता पडून होता, डबा नव्हता. त्यानं आतला बोर्ड काढून भाच्याच्याच हातात दिला, टर्बोचं बटण चार-पाच वेळा दाबून बघितलं, कापलेल्या पत्र्यावरून बोट फिरवून म्हणाला हे तं मी वेल्डिंग करून घेईन, आणि नुसत्या डब्याचे बावीसशे देऊन गेला.

आपला,
एक जुना हार्डवेअरवाला
प्रतापनगर, नागपूर